गोठ्यातला व्हीगन

“डॉक्टरसाहेब, ह्याला तेवढं दूध प्यायला सांगा. घरी सहा गाया, आन् हे पोरगं कोरा चहा पितंय.”

आळेफाट्याच्या भागात सरकारी दवाखान्यात बसलं की बापांच्या नाना तक्रारी कानावर येतात. पोरगं दारू पितं, तंबाखू खातं, रात्रभर मोबाइल बघतं. पोरगं दूध पीत नाही म्हणून पंचविशीतल्या मुलाला दवाखान्यात घेऊन आलेला बाप मी पहिल्यांदाच पाहत होतो. मुलगा शांत होता. “सर, मी व्हीगन आहे,” एवढं म्हणाला. मग वडिलांकडे न बघता पुढे म्हणाला, “ते राहू द्या. पायांचं काहीतरी झालंय, ते आधी बघा.” (ओळख पटू नये म्हणून इथे तपशील थोडे बदलले आहेत.)

तळपायांना मुंग्या येत होत्या. दोन महिन्यांपासून चालताना चप्पल पायातून निसटली तरी त्याला कळत नव्हतं. पहाटे मोरीवर तोंड धुताना डोळे मिटले की तोल जायचा. अंधारात गोठ्याकडे जायचं तर भिंतीला हात लावून जावं लागायचं. मी ट्यूनिंग फोर्क, म्हणजे शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तो नादकाटा, त्याच्या पायाच्या अंगठ्यावर टेकवला. काहीच कळेना. घोट्यावर टेकवला, तरी नाही. गुडघ्यावर आल्यावर म्हणाला, “हां, आता थरथरतंय.” पाय जुळवून उभं केलं आणि डोळे मिटायला सांगितले, तर तो झोकांडी खाऊन टेबलावर आला.

निदान समोर होतं. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, आणि तीही मज्जारज्जूपर्यंत पोचलेली. आता मला लाज वाटावी असा भाग सांगतो. हाच मुलगा आठ महिन्यांपूर्वी माझ्याकडे थकवा येतो म्हणून आला होता. हिमोग्लोबिन साडेनऊ होतं. ‘शाकाहारी का?’ एवढं मी विचारलं, त्याने मान हलवली, आणि मी नेहमीच्या लोह-फॉलिक आम्लाच्या गोळ्या लिहून दिल्या. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन साडेअकरावर गेलं तेव्हा मी खूश झालो होतो. तो दूधही घेत नाही, हे मला माहीत नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं.

त्या गोळ्यांनी नेमकं काय केलं, ते समजून घेण्यासारखं आहे. बी-१२ शरीरात दोन मोठी कामं करतं. एक, फॉलिक आम्लाच्या जोडीने रक्तपेशी तयार करायला मदत करतं. दुसरं, मज्जातंतूंवरचं आवरण राखतं. विहिरीवरच्या मोटारीच्या वायरवर रबर असतं, तसं हे आवरण. फॉलिक आम्ल वरून भरपूर दिलं, तर पहिलं काम काही काळ बी-१२ वाचूनही पुढे सरकतं. दुसरं सरकत नाही. म्हणजे रक्ताचा अहवाल सुधारतो, डॉक्टर आणि रुग्ण दोघेही निश्चिंत होतात, आणि आत वायरवरचं रबर सोललं जातच राहतं. फॉलिक आम्लाच्या शोधाची सुरुवात आपल्या मुंबईतच झाली. १९२८ साली लुसी विल्स या ब्रिटिश डॉक्टर मुंबईत आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणी होणाऱ्या पांडुरोगाचा त्यांनी अभ्यास केला. यीस्टच्या स्वस्त अर्काने तो बरा होतो, हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजे फॉलिक आम्ल. मोठाच शोध तो. पण त्याच गोळीआड दुसरा आजार लपू शकतो, हे मी एमबीबीएसला असताना परीक्षेत लिहून आलो होतो आणि ऐन वेळी विसरलो.

“म्हणजे दूध सोडल्यामुळंच झालं ना?” वडिलांनी विजयी मुद्रेने विचारलं.

मी म्हणालो, “दादा, तुमचंही रक्त तपासू. आणि ताईंचंही.”

बी-१२ ची तपासणी आमच्याकडे होत नाही, नमुना बाहेर पाठवावा लागतो आणि पदरचे पैसे जातात. तरी ते तयार झाले, बहुधा मुलाला खोटं पाडण्यासाठी. अहवाल आले. दोनशेच्या वर हवं, तिथे मुलाचं नव्वद निघालं. ते अपेक्षितच होतं. आई रोज दुधाचा चहा पिणारी, घरचं ताक पिणारी. तिचं एकशे चाळीस. वडील सहा वर्षांपासून मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी घेतात, आणि ही गोळी बी-१२ चं शोषण कमी करते. तेही दोनशेच्या खालीच होते. घरी रोज पन्नास-साठ लिटर दूध निघतं, आणि तिघांच्याही अंगात दुधातून मिळणारं जीवनसत्त्व नाही.

वडिलांना ते पटेना. मग आम्ही तिथेच कागदावर हिशेब केला. सगळं दूध सकाळ-संध्याकाळ डेअरीला जातं. घरात राहतं अर्धा लिटर. शंभर मिलिलिटर गाईच्या दुधात बी-१२ साधारण ०.४ मायक्रोग्रॅम असतं, म्हणजे अर्ध्या लिटरमध्ये दोन. एका मोठ्या माणसाची दिवसाची गरज दोन ते अडीच मायक्रोग्रॅम. घरात खाणारी तोंडं चार. त्यात दूध तापवताना आणि चहा रटरटा उकळताना काही भाग नष्ट होतो. घर माळकरी, त्यामुळे मटण, मासे, अंडी यांचा प्रश्नच नाही. “मग हे दूध पितोय म्हणायचं तरी कशाला,” वडील स्वतःशीच म्हणाले.

ही एका घराची गोष्ट नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी गेली तीस वर्षं याचा माग काढत आहेत. २००६ मध्ये त्यांनी पुणे परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गीय असे तिन्ही होते. ६७ टक्के पुरुषांत बी-१२ कमी होतं. सुस्थितीतल्या मध्यमवर्गात तर ८१ टक्क्यांत. शाकाहारी लोकांत धोका चौपटीहून जास्त होता. त्याआधी १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांची नोंद ठेवायला सुरुवात केली होती. तिथे सुमारे दोन-तृतीयांश बायकांत बी-१२ कमी आढळलं. ज्या आईचं बी-१२ कमी आणि फॉलेट भरपूर, तिची मुलं सहा वर्षांची झाली तेव्हा त्यांच्यात इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण अधिक दिसलं. ही मधुमेहाची पूर्वतयारी म्हणायची. गरोदर बाईला आपण सरकारी दवाखान्यातून देतो त्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असतं. बी-१२ नसतं. ती गोळी घ्यायलाच हवी, त्याबद्दल शंका नको. पण शाकाहारी बाईने बी-१२ चं वेगळं बघायला हवं.

तेव्हा व्हीगन मुलांवर ‘बघा, दूध सोडलं आणि पाय गेले’ असं बोट दाखवणाऱ्यांनी आधी स्वतःचं रक्त तपासून घ्यावं, असं मी म्हणतो. मी दूध घातलेलाच चहा पितो, त्यामुळे हे मी कोणा संघटनेच्या वतीने सांगत नाही.

पण दुसऱ्या बाजूलाही सांगण्यासारखं आहे, आणि तेच मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्या मुलाने मला मोबाइलवर एक इंग्रजी माहितीपत्रक दाखवलं. त्यात लिहिलं होतं की शरीरात बी-१२ चा साठा काही वर्षं पुरतो. खोटं नाही ते. निरोगी, मांसाहारी माणसाच्या यकृतात दोन ते पाच मिलिग्रॅम साठा असतो आणि रोज त्यातला अगदी थोडा खर्च होतो. लंडनमधल्या माणसाने मांस, अंडी, चीज सगळं सोडलं तरी त्याची टाकी रिकामी व्हायला तीन-चार वर्षं लागतील. आमच्या माळकरी घरातल्या मुलाची टाकी जन्मल्यापासूनच तळाला असते, कारण आईचीच तळाला होती. त्याने चहातलं तेवढं दूध सोडलं की ती रिकामी व्हायला कितीसा वेळ लागणार? तिकडचं पत्रक जसंच्या तसं इकडे वाटलं की असा घोळ होतो. व्हीगन होण्याचा सल्ला इथे द्यायचा, तर बी-१२ त्याच वाक्यात यायला हवं. ‘पुढे कधीतरी बघू’ हे इथे चालत नाही.

मुलाने दूध का सोडलं, तेही ऐकून घ्या. पुण्यात शिकताना तो प्राण्यांसाठी काम करणाऱ्या मुलांमध्ये मिसळला. जखमी कुत्री उचल, मांज्यात अडकलेले पक्षी सोडव, असं सुरू झालं. पण खरं निमित्त घरच्या गोठ्यातलं. संकरित गाय व्याली आणि कालवड झाली की घरात पेढे येतात. गोऱ्हा झाला की सगळे गप्प. पूर्वी खिलार खोंडाला शेतात मान होता, शर्यतीच्या घाटात तर मोठाच. होल्स्टिनच्या गोऱ्ह्याला वशिंड नाही, ऊन सोसत नाही, तो ना औताला चालतो ना गाड्याला. २०१५ पासून महाराष्ट्रात गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीलाही बंदी आहे. कायद्याने मारता येत नाही आणि पोसणं परवडत नाही. मग त्याला दूध कमी पाजतात, तो आपोआप मरतो. नाहीतर रात्री गाडीत घालून कुठेतरी सोडून देतात. घरातून असा एक गोऱ्हा गेला, त्या दिवशी या मुलाने दूध बंद केलं.

हे ऐकताना मला आळ्याची रेडा समाधी आठवत होती. पैठणला ज्या रेड्याच्या मुखातून ज्ञानेश्वरांनी वेद वदवले, तो परतीच्या वाटेवर इथे गेला आणि भावंडांनी त्याला समाधी दिली, अशी परंपरा आहे. फाट्यापासून हाकेच्या अंतरावर मंदिर आहे, यात्रा भरते. नराच्या जातीच्या जनावराला इतका मान देणारं दुसरं गाव मला माहीत नाही. आणि त्याच पंचक्रोशीत टोणगा किंवा गोऱ्हा जन्मला की तोंडं पडतात. यात शेतकऱ्याचा दुष्टपणा आहे असं मी म्हणणार नाही. दुधाचा दर, पेंडीचा भाव आणि चाऱ्याची टंचाई ज्याने पाहिली आहे, तो म्हणणारही नाही. पण मुलगा जे बघत होता ते खरं होतं, एवढं तरी मान्य करायला हवं.

‘प्राणीमित्र’ हा शब्द जुन्नर-आंबेगावात अजूनही थोडा शिवीसारखाच वापरतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बैलगाडा शर्यती बंद केल्या, तेव्हापासूनचा तो राग आहे. मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला, घाट पुन्हा गजबजले, पण राग पुरता गेला नाही. त्यात इथे उसात बिबट्या आहे. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे आणि बिबट्याने जखमी केलेली माणसंही आमच्याकडे येतात. अशा मुलखात पंचवीस वर्षांचं पोर जनावरांच्या बाजूने बोलायला उभं राहतं, तेव्हा घरात आणि पारावर त्याला काय ऐकावं लागत असेल, याची कल्पना करा. त्याचे पाय लुळे पडले असते, तर गावाने वर्षानुवर्षं त्याचाच दाखला दिला असता.

दूध नाकारणारा हा आपल्याकडचा पहिला माणूस नाही. गांधीजींनी १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत दूध सोडलं. कलकत्त्याकडे गाई-म्हशींवर ‘फुंका’ नावाचा क्रूर प्रकार करून दूध काढतात, हे त्यांनी वाचलं होतं, आणि ते दूध सोडण्यामागचं एक कारण होतं. (हा प्रकार १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. जनावराला अपाय करणारं पान्ह्याचं इंजेक्शनही त्याच कलमात येतं.) १९१८ मध्ये ते आमांशाने फार आजारी पडले, पुढे मुंबईत डॉ. दलाल यांनी त्यांची मूळव्याधीची शस्त्रक्रिया केली. दूध घेतल्याशिवाय अंग भरून येणार नाही असं डॉक्टरांनी बजावलं. कस्तुरबांनी तोड सुचवली की शपथ गाई-म्हशीच्या दुधाची आहे, शेळीच्या नाही. गांधीजींनी शेळीचं दूध घेतलं आणि शपथेचा शब्द पाळला पण अर्थ मोडला, ही खंत आत्मकथेत लिहून ठेवली. दुधाला वनस्पतीतून पर्याय कोणी सुचवेल का, असं ते वैद्य-डॉक्टरांना पुढेही विचारत राहिले. त्यांच्या प्रश्नाच्या उत्तराचा एक तुकडा म्हणजे शुद्ध रूपातलं बी-१२. ते वेगळं काढता आलं १९४८ मध्ये, गांधीजी गेले त्याच वर्षी. ‘व्हीगन’ हा शब्दही त्याच काळातला, डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या मित्रांनी १९४४ मध्ये इंग्लंडमध्ये घडवलेला.

गंमत अशी की आपल्या गोठ्यातल्या संकरित गाईही एका अर्थाने गांधीजींच्याच वाटेने आल्या. १९४६ मध्ये ते उरुळीकांचनला आले आणि तिथे निसर्गोपचार आश्रम सुरू झाला. तिथे राहिलेले मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये बाएफ संस्था काढली आणि कृत्रिम रेतनातून जास्त दूध देणाऱ्या गाई जिल्ह्याच्या गोठ्यागोठ्यांत पोचवल्या. त्या गाईंनी इथली किती घरं उभी केली, किती मुलं शिकवली! आमच्या या मुलाची इंजिनिअरिंगची फीसुद्धा त्यांनीच भरली. बाप-लेकाच्या भांडणात दोघांचंही बरोबर आहे, हे डॉक्टरने बोलायचं नसतं, पण मनात आल्याशिवाय राहत नाही.

आता औषधाचं. मज्जातंतूंवर परिणाम झाला असेल तर गोळ्यांवर थांबू नये, इंजेक्शन घ्यावं लागतं. आधी एक दिवसाआड, मग आठवड्याला, मग महिन्याला. मुलाने पहिलंच विचारलं, “सर, हे औषध जनावरापासून नाही ना काढलेलं?” प्रश्न रास्त होता. बी-१२ कोणतंही झाड करत नाही आणि कोणताही प्राणीही करत नाही. ते फक्त जिवाणू आणि तसलेच सूक्ष्मजीव करतात. गाय चारा खाते, तिच्या पोटातले जिवाणू कोबाल्ट वापरून बी-१२ घडवतात, आणि ते दुधात उतरतं. वडील गाईंना जे खनिज मिश्रण चारतात, त्यात कोबाल्ट असतं ते यासाठीच. औषधाच्या कारखान्यात तसलेच जिवाणू मोठ्या टाक्यांत वाढवतात. तेव्हा गोळीतलं बी-१२ प्राणिजन्य नसतं. मात्र अनेक कंपन्या ते जिलेटिनच्या कॅप्सूलमध्ये भरतात, आणि जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून होतं. ज्यांना ते नको त्यांनी साधी गोळी मागावी. ड-३ जीवनसत्त्वही बहुतेक वेळा मेंढीच्या लोकरीच्या तेलापासून करतात. पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्यावर व्हीगन माणसाला विसंबता येत नाही, कारण दुधाच्या पदार्थांनाही तोच ठिपका असतो. पाकिटांवर असे ठिपके यावेत म्हणून पाठपुरावा करणारी ‘ब्यूटी विदाउट क्रुएल्टी’ ही संस्था १९७४ पासून आपल्या पुण्यातच काम करते. २०२२ मध्ये व्हीगन पदार्थांसाठी देशात स्वतंत्र नियम झाले. त्यांची खूण वेगळी आहे, इंग्रजी ‘व्ही’ आणि त्यावर छोटं पान.

किती घ्यायचं? ज्याला अजून काही त्रास नाही अशा व्हीगन माणसाने रोज दहा मायक्रोग्रॅम किंवा आठवड्यातून एकदा दोन हजार मायक्रोग्रॅम घ्यावं. हा सल्ला खुद्द ब्रिटनच्या व्हीगन सोसायटीचा आहे. आकडे इतके विषम का, असं वाटेल. आतड्यात बी-१२ ला आत घेणारी जी यंत्रणा आहे, ती एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच उचलते. बाकीच्यातलं शंभरात एक कसंबसं आत झिरपतं. म्हणून एकदम घ्यायचं तर खूप घ्यावं लागतं. न शोषलेलं शरीराबाहेर निघून जातं.

यूट्यूबवर स्पिरुलिना, न धुतलेल्या भाज्या, आंबवलेली आंबील असे उपाय सांगतात. स्पिरुलिनात जे सापडतं ते बहुतांशी बी-१२ सारखं दिसणारं, पण आपल्या शरीराच्या उपयोगाचं नसलेलं रसायन असतं. न धुतलेल्या भाजीतून बी-१२ मिळेल की नाही याची खात्री नाही, विषमज्वर आणि जंत मात्र मिळू शकतात. रेशनच्या तांदळाचं मात्र ऐका. गेल्या काही वर्षांत त्यात थोडे वेगळे दाणे मिसळून येतात आणि गावोगाव लोक ‘प्लास्टिकचा तांदूळ’ म्हणून ते वेचून टाकतात. या घरातली आईही टाकत होती. ते दाणे तांदळाच्याच पिठाचे असतात, आणि त्यात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ घातलेलं असतं. किलोभर तांदळामागे बी-१२ साधारण एक मायक्रोग्रॅम, म्हणजे फार नाही. पण त्या घरात मुलाच्या ताटात येणारं तेवढंच होतं, आणि तेही सुपातून उकिरड्यावर जात होतं.

बाकी आहाराची मला फारशी चिंता वाटली नाही. आपल्या भागाचं जेवण निम्मं व्हीगनच आहे. बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं, मटकी, शेंगदाण्याची चटणी, आणि आमची मासवडी. नावात मासा, प्रत्यक्षात बेसनाच्या पोटात तीळ, खोबरं, लसूण. पुण्याहून खास खायला येणाऱ्यांना कल्पना नसते की ते प्रथिनं आणि कॅल्शियमचं उत्तम ताट जेवताहेत. दूध सोडणाऱ्याने कॅल्शियमकडे लक्ष द्यायलाच हवं. ब्रिटनमधल्या एका मोठ्या पाहणीत, जिचे निष्कर्ष २०२० मध्ये आले, व्हीगन लोकांत मांसाहारी लोकांपेक्षा हाडं मोडण्याचं प्रमाण बरंच जास्त दिसलं, खुब्याचं तर दुपटीहून जास्त. त्याच पाहणीत शाकाहारी आणि व्हीगन मंडळींत हृदयविकार मात्र कमी होता. नाचणीत शंभर ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. तीळ आहेत, राजगिऱ्याचा पाला आहे. घरी वाटलेलं शेंगदाण्याचं किंवा सोयाबीनचं दूध चवीला छान, पण त्यात कॅल्शियम कमी आणि बी-१२ शून्य. ते गाईच्या दुधाची जागा घेत नाही.

एका बाबतीत मी कडक आहे. गरोदर किंवा अंगावर पाजणारी बाई व्हीगन असेल, तर बी-१२ मध्ये एक दिवसाचीही हयगय नको. काही वर्षांपूर्वी नऊ महिन्यांचं बाळ आलं होतं. गुटगुटीत दिसत होतं, पण बोटांची पेरं काळवंडलेली, केस विरळ आणि तांबूस, हात सतत थरथरत. आधी बसायचं, हसायचं, ते विसरलं होतं. फक्त आईच्या दुधावर होतं, आणि आईच्या अंगात बी-१२ जवळजवळ नव्हतं. ती व्हीगन नव्हती, तिने तो शब्दही ऐकला नव्हता. भाजी-भाकरी आणि चहात घोटभर दूध, एवढाच तिचा आहार. इंजेक्शन सुरू केल्यावर आठवड्याच्या आत बाळ आईकडे बघून हसलं. सगळीच बाळं इतकी वेळेवर येत नाहीत.

सहा महिन्यांनी बाप-लेक पुन्हा आले. नादकाटा आता घोट्यावर कळतो, अंगठ्यावर अजून नाही. कदाचित कधीच पूर्ण कळणार नाही, हे मी त्याला सांगितलं, आणि आधीच्या त्या गोळ्यांबद्दल माफीही मागितली. तो म्हणाला, “मी तरी कुठं सांगितलं होतं सर.” वडिलांनी या वेळी कालवडच होईल अशी कांडी भरून घेतली आहे. अशा कांडीने शंभरात नव्वद वेळा कालवड होते. आधीचा एक गोऱ्हा मात्र अजून गोठ्यात आहे. त्याच्या चाऱ्याचे पैसे मुलगा पगारातून देतो आणि वडील दर महिन्याला ते मोजून घेतात. आईचं बी-१२ चारशेवर गेलं आहे आणि तिला वाटतं आपली जुनी कंबरदुखी त्यानेच गेली. मी काही बोललो नाही.

निघताना मुलाने पिशवीतून एक मराठी पत्रक काढलं. फाट्यावरच्या बाजाराच्या दिवशी वाटायला त्याने आणि मित्रांनी छापलं होतं. पुढच्या बाजूला गोऱ्ह्याचा फोटो आणि मजकूर. बी-१२ ची ओळ मागच्या बाजूला, तळाशी, बारीक अक्षरात. मी पेनाने ती खोडली आणि पुढच्या बाजूला, फोटोखाली, मोठ्या अक्षरात लिहून दिली. “सर, एवढं मोठं लिहिलं तर लोक आधीच घाबरतील,” तो म्हणाला. पाचशे प्रती छापून झाल्या होत्या. त्या वाटायच्या की नाही, यावर वडील बाहेर गाडी सुरू करून हॉर्न वाजवेपर्यंत आमचं बोलणं चाललं होतं.